वाचक विचारतात : डिझेलचा ड्रम, फवारणीचं औषध आणि शेजारचं आट्याचं पोतं

खरीप तोंडावर आला की तालुक्याहून गावाकडे जाणाऱ्या प्रत्येक पिकअपमध्ये थोडं बियाणं, थोडं खत, थोडं औषध आणि डिझेलचा एखादा ड्रम असतोच. पेट्रोल, औषध, आम्ल, गॅस यांची ने-आण करताना काय पाळायचं, याबद्दल आलेल्या पत्रांतले सात प्रश्न निवडून त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

फवारणीचा पंप आणि ग्रासकटर पेट्रोलवर चालतात. पंपावर प्लास्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल देत नाहीत. मग वीस-पंचवीस लिटर गावी न्यायचं कसं? ट्रॅक्टरसाठी डिझेलचा ड्रम चालतो का?
– एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

पंपवाला बरोबर करतो. पेट्रोल हे कायद्यानं ‘अ’ वर्गातलं इंधन आहे, म्हणजे २३ अंशांखालीच त्याची पेट घेण्याजोगी वाफ सुटते. प्रत्यक्षात ती शून्याच्या खाली चाळीस अंशांवरही सुटते. मे महिन्यात यवतमाळात ते किती वाफ सोडत असेल, याचा अंदाज करा. पेट्रोलियम कायदा, १९३४ प्रमाणे विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल एकूण ३० लिटरपर्यंत विनापरवाना जवळ ठेवता आणि नेता येतं. पण भांड्याची अट आहे. धातूचं भांडं असेल तर ते २५ लिटरपेक्षा मोठं नको, काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर १ लिटरपेक्षा मोठं नको, आणि झाकण घट्ट हवं. कोल्ड्रिंकची बाटली आणि खाद्यतेलाचा रिकामा प्लास्टिकचा डबा यात कुठेच बसत नाही.

भरताना डबा गाडीच्या हौद्यात किंवा मोटारसायकलच्या सीटवर ठेवू नका. खाली जमिनीवर ठेवा आणि नोझल डब्याच्या तोंडाला टेकलेलं असू द्या. वाहत्या पेट्रोलमुळे स्थिर वीज साठते. जमिनीवरच्या धातूच्या डब्यातून ती निघून जाते. रबराच्या मॅटवर किंवा प्लास्टिकच्या अस्तरावर ठेवलेल्या डब्यात ती अडकते आणि नोझल काढताना ठिणगी पडू शकते. २० लिटरचा डबा १९ लिटरच्या आतच थांबवा. तापमान १५ अंशांनी वाढलं तर २० लिटर पेट्रोल सुमारे ३०० मिलिलिटरनं फुगतं, म्हणजे मोठा ग्लासभर. काठोकाठ भरलेल्या डब्यातून ते वॉशरच्या फटीतून बाहेर येतं, हौद्यात सांडतं, आणि वास आला तरी ‘पेट्रोलचा डबा आहे, वास येणारच’ म्हणून कोणी पाहत नाही. झाकणाचा रबरी वॉशर दर हंगामात बदला. डबा उभा बांधा, वरून ओलं पोतं टाका. एसटीत किंवा काळीपिवळीत तो कधीच नेऊ नका.

डिझेल ‘ब’ वर्गात येतं. एका ठिकाणी एकूण २,५०० लिटरपर्यंत आणि कोणतंही भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल तर परवाना लागत नाही. त्यामुळे २०० लिटरचा एक ड्रम कायद्यात बसतो. पण भरलेला ड्रम पावणेदोनशे किलोच्या वर जातो. ट्रॉलीत सुटा उभा असेल तर पहिल्याच ब्रेकला सरकतो आणि बूच फाळक्यावर आपटून ढिलं होतं. म्हणून ड्रम पुढच्या फाळक्याला टेकवून उभा ठेवा, तळाशी दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके ठोका आणि मधोमध दोर फिरवून बांधा. मोठं आणि छोटं, दोन्ही बुचं पान्यानं आवळा, हातानं नाही.

पत्रात नसलेली एक गोष्ट सांगतो, कारण जीव तिथेच जातात. रिकामा ड्रम भरलेल्यापेक्षा घातक असतो. आत वाफ आणि हवा यांचं मिश्रण तयार असतं. पाण्याची टाकी करायला असा ड्रम गॅस कटरनं किंवा ग्राइंडरनं कापू नका. ‘धुऊन घेतला’ एवढं पुरेसं नाही, कारण पत्र्याच्या दुमडीत राहिलेलं थोडं तेल कापताना तापून पुन्हा वाफ सोडतं.

आमच्या पिकअपमध्ये कृषी केंद्राचं औषध आणि किराणा एकाच खेपेत येतो. खोके सीलबंद असतात. तरीही काही अडचण आहे का?
– एक गाडीमालक, मंगरुळपीर, जि. वाशीम

अडचण आहे, आणि ती मोठी आहे. कीटकनाशक खाण्याच्या वस्तूंच्या किंवा जनावरांच्या खाद्याच्या संपर्कात येईल अशा रीतीनं नेऊ नये, हा कीटकनाशक नियम, १९७१ चा नियम आहे. तो कागदावर का आला, हेही माहीत असू द्या. १९५८ साली केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक आणि धान्याचं पीठ जहाजातून एकत्र आलं. औषध पिठात झिरपलं, आणि ते खाऊन शंभरावर माणसं गेली. त्या घटनेनंतरच १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला.

जहाजात घडलं ते पिकअपमध्ये कसं घडतं, ते पाहा. लिटरच्या बाटल्यांचा खोका खाली, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. खालच्या खोक्यातल्या एका बाटलीचं झाकण वरच्या वजनानं अर्धा फेरा फिरतं. औषध थेंब-थेंब निघतं आणि पुठ्ठ्यात मुरतं. पुठ्ठा ओला दिसतो, पण पावसाचे दिवस असतात, म्हणून कोणी पाहत नाही. शेजारी आट्याचं पोतं टेकलेलं असतं. पोत्याचा खालचा कोपरा औषध शोषून घेतो. वरून पोतं कोरडं आणि स्वच्छ, आणि विषारी आटा तळाशी. घरात तो शेवटी निघतो, तोपर्यंत गाडीचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून खेप वेगळी करा. अगदीच शक्य नसेल तर किराणा केबिनमध्ये घ्या आणि औषध मागे, एवढाच पर्याय आहे. हौद्यात मधे ताडपत्री लावणं पुरेसं नाही, तळाला वाहिलेलं औषध ताडपत्रीखालून जातं. औषधाच्या खोक्यांची थप्पी चारपेक्षा उंच करू नका आणि बाटल्यांची तोंडं वर ठेवा. गाडी भरायच्या आधी हौद्यातले बाहेर आलेले खिळे ठोकून घ्या, गळती बहुतेक वेळा तिथून सुरू होते. औषधाच्या गाडीत माणसं बसवू नका. बाटलीवरचा त्रिकोण पाहून घ्या. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे अतिविषारी, निळा मध्यम, हिरवा सौम्य. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेत किती शेतकरी आणि मजूर गेले, हे आपल्याकडे कोणी विसरलेलं नाही. ते शेतात घडलं, पण औषध तेच असतं.

गळती झालीच तर गाडी विहीर, नाला आणि वस्तीपासून दूर उभी करा. रबरी हातमोजे आणि बूट घाला. कोरडी माती, रेती किंवा लाकडाचा भुसा टाकून औषध शोषू द्या, फावड्यानं जाड पिशवीत भरा, पिशवीवर ‘विष’ लिहा. नळी लावून हौदा धुऊ नका, ते पाणी शेवटी कोणाच्या तरी गुरांच्या हौदात जातं. लाकडी फळ्यांत मुरलेलं औषध पूर्ण निघत नाही. त्या फळ्या बदला, आणि बदलेपर्यंत त्या गाडीत ढेप, कुटार किंवा धान्य नेऊ नका. अंगावर सांडलं तर कपडे लगेच काढा आणि साबणपाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका. दवाखान्यात जाताना बाटलीचं लेबल किंवा आतलं माहितीपत्रक सोबत न्या. उतारा त्यावर छापलेला असतो, आणि डॉक्टरचा अर्धा तास वाचतो.

ग्रामपंचायतीची टीसीएल पावडर, संडास सफाईचं ॲसिड आणि पंपाचं डिझेल मी एकाच ऑटोत आणतो. दोनदा डोळे फार चुरचुरले. कारण काय?
– एक पाणीपुरवठा कर्मचारी, ता. मोर्शी, जि. अमरावती

पुढची खेप अशी आणू नका.

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. ती स्वतः जळत नाही, पण दुसऱ्याला जाळते. तिच्यावर ॲसिड सांडलं की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असल्यामुळे ऑटोच्या तळाशी आणि चालकाच्या पायांशी साठतो. डोळे चुरचुरले ते बहुधा त्याच्यामुळे, आणि ते थोडक्यावर निभावलं. डिझेल किंवा ऑइल पावडरीत मिसळलं तर पावडर तापते आणि काडी न लावता पेट घेऊ शकते. युरियाचं पोतंही तिच्याशेजारी नको, त्या दोघांच्या मिश्रणातून स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो.

टीसीएलची गोणी एकटीच आणा. ती कोरडी आणि सावलीत असावी, खाली कोरडी स्वच्छ फळी. ऑइल पडलेला ऑटो नको. सांडली तर कोरड्या, स्वच्छ प्लास्टिकच्या सुपडीनं उचला. वरच्या उत्तरात औषधासाठी लाकडाचा भुसा सांगितला, इथे भुसा, पोत्याचा तुकडा किंवा कापूस वापरू नका, ते पेटतात. उचललेली पावडर परत गोणीत टाकू नका. गोणी ओली झाली किंवा गरम लागली तर ती घरात किंवा कार्यालयात न ठेवता उघड्यावर वेगळी ठेवा. उन्हात आलेल्या पावडरीचा क्लोरीन उडून जातो. नव्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास असायला हवा, तो निम्म्यावर आला तर विहिरीत टाकूनही पाणी शुद्ध होत नाही. म्हणून ही काळजी चालकासाठी जेवढी, तेवढीच गावासाठी आहे.

माझ्याकडे ट्रान्सपोर्टचं लायसन्स आहे. गॅस सिलिंडरची गाडी चालवायला आणखी काय लागतं?
– एक चालक, हिंगणघाट, जि. वर्धा

नुसतं ट्रान्सपोर्टचं लायसन्स पुरत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९ सांगतो की धोकादायक मालाच्या चालकाला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यायला हवी आणि त्यानं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलेलं असावं. त्यात सुरक्षित वाहन चालवणं, प्रगत कौशल्य आणि मालाची सुरक्षितता हे तीन भाग असतात. प्रमाणपत्र घेऊन आरटीओत अर्ज केला की लायसन्सवर तशी नोंद होते. या लायसन्सची मुदत पूर्वी १ वर्ष होती, २०१९ च्या दुरुस्तीनं ती ३ वर्षं झाली. इंग्रजीची अट अनेकांना जाचक वाटते. पण मालाचं नाव आणि सूचना बहुधा इंग्रजीत असतात, आणि ते वाचता येणं हे तुमच्याच जिवासाठी आहे.

निघण्याआधी गाडीच्या दोन्ही कुशींवर आणि मागे असे तीन फलक पाहा. त्यावर मालाचं नाव आणि तातडीचा फोन ५० मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत, धोक्याच्या वर्गाचा अंक १०० मिलिमीटर उंच, चौकोनी वर्गचिन्ह २५० मिलिमीटरचं, आणि माल पाठवणाऱ्याचं नाव व फोन हवा. फलक धुळीनं झाकला असेल तर पुसा. आधीच्या खेपेचा फलक राहिला असेल तर काढा. चुकीचा फलक नसलेल्यापेक्षा वाईट, कारण आग विझवायला आलेला माणूस त्यावर विश्वास ठेवतो. माल पाठवणाऱ्यानं दिलेलं ट्रेम कार्ड, म्हणजे अपघात झाला तर काय करायचं याच्या सूचनांचं कार्ड, केबिनमध्ये हाताला लागेल असं ठेवा, जुनी कार्डं फेकून द्या. सायलेन्सरला स्पार्क अरेस्टर, म्हणजे ठिणग्या अडवणारं साधन हवं. हे नियम मोडले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड, तीन महिने लायसन्स बंद किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पुढच्या वेळी दंड २०,००० आणि कैद तीन वर्षांपर्यंत.

सिलिंडर उभेच न्या. आडव्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हमधून गळती झाली तर वायूऐवजी द्रव बाहेर येतो, आणि द्रवाचा वायू होताना तो अडीचशे पट पसरतो. गाडीच्या कडेबाहेर एकही सिलिंडर डोकावू नये. उतरवताना टायर किंवा जाड रबर खाली टाका. रिकाम्या सिलिंडरमध्येही वायू उरलेला असतो, त्याला भरलेल्यासारखंच वागवा. दुचाकीवर सिलिंडर नेणं नियमानं बंद आहे.

उन्हाळ्यात दर शंभरेक किलोमीटरला थांबून टायरजवळ हाताची मागची बाजू धरून बघा. मागच्या जोडीतल्या आतल्या टायरची हवा गेली की बाहेरचा भार उचलतो, आतला घासून तापतो आणि पेटतो, आणि चालकाला आरशात धूर दिसेपर्यंत कळत नाही.

महामार्गावर टँकर उलटला तर गावकऱ्यांनी काय करावं? आमच्याकडे लोक बादल्या घेऊन धावतात.
– एक सरपंच, ता. बाळापूर, जि. अकोला

बादल्या थांबवा, बाकीचं नंतर. २५ जून २०१७ रोजी पाकिस्तानात अहमदपूर शर्कियाजवळ टँकर उलटला. सांडलेलं पेट्रोल भरायला गर्दी जमली. आग लागली आणि दोनशेहून अधिक माणसं मेली. त्यातले बरेच जण शेजारच्या वाड्या-वस्त्यांतले होते. पेट्रोलची वाफ जड असते, ती सांडलेल्या जागेपुरती राहत नाही. उतारानं नालीतून वाहत जाते आणि दूरच्या चुलीपर्यंत, टपरीच्या स्टोव्हपर्यंत किंवा कुणाच्या मोटारसायकलच्या प्लगपर्यंत पोचते. पेट तिथून घेते, आणि ज्वाला मागे येते.

पहिलं काम वारा ओळखणं. धुरळा कुणीकडे जातो, पऱ्हाटीची पानं कुणीकडे झुकतात ते पाहा आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला, उंचावर उभे राहा. नाल्यात, पुलाखाली किंवा शेताच्या चरात उतरू नका. आसपासच्या गाड्या सुरू करू नका. सुरू असतील तर बंद करून ढकलत न्या, आणि मोबाइल लांब जाऊन वापरा.

दुसरं काम फलक वाचणं, पण लांबूनच. मोबाइलच्या कॅमेऱ्याचा झूम लांबून लावला तर आकडे दिसतात. चार आकडी क्रमांक असेल तर तो लिहून घ्या : १२०३ पेट्रोल, १२०२ डिझेल, १०७५ एलपीजी, १००५ अमोनिया, १०१७ क्लोरीन, १८३० सल्फ्युरिक ॲसिड. ११२ वर फोन करून ठिकाण, दिशा आणि हा क्रमांक सांगा. ‘टँकर पडला’ एवढंच सांगितलं तर अग्निशमन दल फोम आणायचा की पाणी, हे ठरवू शकत नाही. एलपीजी असेल तर १९०६ वरही कळवा.

अंतराचं मोजमाप असं ठेवा. पेट्रोलची गळती असेल तर चहूकडे निदान ५० मीटर रिकामं करा आणि मोठी असेल तर वाऱ्याच्या दिशेला ३०० मीटर. टँकर पेटला तर ८०० मीटर. एलपीजीची गळती असेल तर १०० मीटर आणि वाऱ्याच्या दिशेला ८०० मीटर. एलपीजीचा टँकर पेटला तर १,६०० मीटर. हे शेवटचं अंतर लोकांना अति वाटतं. द्रवाला लागलेला पत्रा द्रव थंड ठेवतो, पण वरच्या रिकाम्या भागातला पत्रा आगीत मऊ होतो, आणि आतला दाब तो फाडतो. सेफ्टी व्हॉल्व्हची शिट्टी वाढत गेली किंवा टाकीचा रंग बदलला तर कुणाला बोलवायला थांबू नका, पळा.

ॲसिडच्या टँकरवर पाणी मारू नका, उकळून उडतं. रेतीचा बांध घालून ओघ अडवा आणि कडेच्या विहिरी त्या दिवसापुरत्या बंद ठेवा. चालक शुद्धीवर असेल तर त्याच्याकडून माल काय आहे ते विचारा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १३६ प्रमाणे जवळच्या ठाण्याला कळवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. घाबरलेल्या चालकाला मारहाण झाली आणि तो पळून गेला, तर टँकरची माहितीही पळून जाते. महामार्गालगतच्या ग्रामपंचायतींनी ही माहिती, दोन जबाबदार माणसांची नावं आणि गावातल्या ट्रॅक्टरनं रेती कुठून आणायची हे आधीच ठरवून दवंडीनं सांगून ठेवावं.

विहिरीच्या खडकासाठी ब्लास्टिंगवाला जेलटिन मोटारसायकलवर आणतो. चालतं का?
– एक शेतकरी, ता. वणी, जि. यवतमाळ

चालत नाही. स्फोटक नियम, २००८ प्रमाणे स्फोटकं परवाना असलेल्या व्हॅनमध्येच जातात, आणि डेटोनेटर, म्हणजे स्फोट सुरू करणाऱ्या टोप्या, स्फोटकांपासून वेगळे ठेवावे लागतात. परवाना पाहिल्याशिवाय काम देऊ नका. संध्याकाळी उरलेल्या कांड्या तुमच्या कोठ्यात ठेवायला देतो म्हणाला तर नाही म्हणा, त्या त्यानंच परवान्याप्रमाणे परत न्यायच्या असतात. न फुटलेलं छिद्र स्वतः उकरू नका. स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था, पेसो, हिचं मुख्यालय नागपुरातच आहे, शंका असेल तर तिथे विचारता येतं.

कापूस धोकादायक मालात धरतात का? आमच्या भागात दर हंगामात एखादी गाडी जळते.
– एक जिनिंग कामगार, ता. राळेगाव, जि. यवतमाळ

कापूस पेट्रोलसारखा नाही, पण वागायचं तसंच. पंधरा-वीस क्विंटल सुटा कापूस भरलेली गाडी पेटली की पाच मिनिटांत आटोक्याबाहेर जाते. कारणं तीनच दिसतात : गाडी उंच भरून विजेच्या लोंबत्या तारेखालून नेणं, सायलेन्सरजवळ लटकलेला कापूस, आणि मागे बसलेल्या माणसाची विडी. गाडीवर माणसं बसवू नका, तारा असलेल्या पांधीत आधी एक माणूस उतरून पाहू द्या, आणि सायलेन्सरचा पाइप कापसापासून दूर पत्र्यानं झाका. ओला कापूस भरू नका, तो आतून तापतो.

गठाणीची गोष्ट वेगळी आहे. सुमारे १७० किलोच्या घट्ट दाबलेल्या गठाणीत एक ठिणगी गेली तर वरून काही दिसत नाही. ती आत धुमसते, कधी दोन-तीन दिवस. पाणी मारून ‘विझली’ म्हणून गोदामात परत रचलेली गठाण रात्री पुन्हा पेटते आणि शेजारच्या पंचवीस घेऊन जाते. आगीतून निघालेली प्रत्येक गठाण उघड्या मैदानात, दुसरीपासून लांब, निदान आठवडाभर ठेवा. गठाणीच्या पट्ट्या गोदामात कापू नका. हवा लागताच धुमसणारा भाग भडकतो, म्हणून पाण्याची नळी आधी तयार ठेवून बाहेरच कापा आणि आतला कापूस हातानं चाचपून कोमट कुठे लागतो ते पाहा.